खुर्ची दिली म्हणून विश्वास ठेवला

लहानपणी पोलिओ झाल्यामुळे माझ्या उजव्या पायाला कॅलिपर आहे. जुना दाखला हाताने लिहिलेला होता, तो आता कुठेच चालेना, म्हणून यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, सिव्हिलला गेले होते. तपासणीच्या दिवशी तिथे उभं राहायला जागा नसते. दीड-दोन तास भिंतीला टेकून काढले. तेवढ्यात तिशीतला एक मुलगा कुठून तरी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आला. "ताई, आधी बसा. फॉर्मचं मी बघतो."

त्या रांगेत आमच्याकडे माणूस म्हणून बघणारा तो पहिलाच. आज विचार करते तेव्हा वाटतं, मी तिथेच फसले.

फॉर्म भरायचे त्याने ८०० रुपये घेतले. हा अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर कुणालाही भरता येतो आणि त्याला एक रुपयाही लागत नाही, हे मला माहीत नव्हतं. पुढे कार्ड पोस्टाने घरी आलं, ५२ टक्के दिव्यांगत्वाचं. ते येणारच होतं, पण मला वाटलं त्याने आणून दिलं. मध्ये एकदा तो म्हणाला होता, "थोडे पैसे टाका, ८० टक्के करून देतो." त्याला मी नाही म्हणाले, तेवढी अक्कल शाबूत होती. खोटं दाखवून दिव्यांगांचे लाभ घेतले तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि त्यात लाभ घेणारे आपण अडकतो.

मग नोकरीचं निघालं. मी बी.ए. आहे, घरी ब्लाउज शिवते. संजय गांधी निराधारचे तेव्हा महिन्याला १,५०० यायचे, तेही कधी दोन-दोन महिने रखडून. तो म्हणाला, "दिव्यांगांच्या चार टक्के जागा रिकाम्याच राहतात ताई. अनुशेष भरायचाय, म्हणून परीक्षा न घेता थेट घेतात." यातलं अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच माणूस अडकतो. चार टक्के आरक्षण खरं, अनुशेषही खरा. पण नंतर मी कायद्याचं कलम ३४ काढून वाचलं. योग्य उमेदवार मिळाला नाही तर जागा पुढच्या भरती वर्षात ओढली जाते, तेव्हाही मिळाला नाही तर दिव्यांगांच्याच दुसऱ्या प्रवर्गाला जाते. एजंटने परस्पर वाटायची सोय त्यात कुठेच नाही. जाहिरात निघते, गुणवत्ता यादी लागते. यूपीएससी आणि स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षांना तर आपल्याला फीसुद्धा माफ आहे. मग "फाइल पुढे सरकवायचे" कसले पैसे?

मी २५,००० दिले. भिशी लागली होती, ती सगळी. व्हॉट्सअ‍ॅपवर तीन सिंहांचा शिक्का असलेलं नियुक्तिपत्र आलं. आईने ते देवापुढे ठेवलं. त्यात माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं, ते मी दुसऱ्याच दिवशी पाहिलं होतं आणि गप्प बसले होते.

त्यानंतर तो घरी आला, हातात अंगठ्याचं छोटं मशीन. "रुजू व्हायच्या आधी बायोमेट्रिक लागतं." मी अंगठा ठेवला. "उमटला नाही ताई, शिवणकामाने रेषा झिजल्यात." पुन्हा ठेवला. "घाम पुसा." तिसऱ्यांदा ठेवला. माझ्या बोटांची मलाच लाज वाटली.

ते मशीन आधारवर पैसे काढायचं होतं. आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा, एवढ्यावर खात्यातून पैसे निघतात. ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही. आधार आणि पासबुक, दोन्हींच्या झेरॉक्स मीच त्याला दिलेल्या. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर कधीच बंद पडलेला, त्यामुळे मेसेजही आला नाही. सात आठवड्यांनी पासबुक प्रिंटला टाकलं, तर एकाच दुपारच्या दोन नोंदी: ५,००० आणि ४,५००. शिल्लक ३१२.

आपली चूक नसेल आणि व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर नुकसान ग्राहकावर पडत नाही, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये केला. माझ्या बाबतीत तर सात आठवडे होऊन गेले होते. शिवाय बँकेत म्हणाले, अंगठा तर तुमचाच आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, पोलिसांत लेखी तक्रार दिली. तपास चालू आहे म्हणतात. त्याचा फोन बंद आहे.

आता खात्याला चालू नंबर जोडलाय. आधारच्या अधिकृत अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक करून ठेवलंय, म्हणजे माझा अंगठा कुणाला वापरता येत नाही. आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला असेल तर हे फुकट होतं आणि दोन मिनिटांत होतं. रेशनला जाताना उघडते, ते पुन्हा आपोआप बंद होतं. ज्यांचे निराधारचे पैसे येतात त्यांनी आजच करा. आणि हयातीचा दाखला, केवायसी, काहीही सांगून कुणी घरी मशीन आणलं, तर स्क्रीनवर काय आहे ते वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका. एकदा उमटला नाही म्हणाला, तर तिथेच हात मागे घ्या.

हे लिहायला मला बरेच महिने लागले. शिकलेली असून फसली, असं लोक म्हणतील याची भीती वाटायची. पण त्या दिवशी सिव्हिलला माझ्या शेजारी कमी ऐकू येणाऱ्या मुलीला घेऊन एक मावशी बसल्या होत्या. खुर्ची त्यांनाही त्यानेच आणून दिलेली. त्यांचा नंबर माझ्याकडे होता. तक्रार देऊन आल्यावर रात्री फोन लावला. मावशी आनंदात होत्या. मुलीच्या नोकरीचं झालं म्हणाल्या, आता फक्त अंगठा राहिलाय, माणूस उद्या सकाळी घरी येणार आहे.