ऑप-अँपचं आउटपुट काढायचंय: सूत्र, नोड की सुपरपोझिशन?

परीक्षेच्या तोंडावर एकच पद्धत पक्की करण्याइतका वेळ असेल, तर नोडची (जोडबिंदूवर येणाऱ्या-जाणाऱ्या करंटच्या हिशेबाची) करा. सुपरपोझिशन त्यानंतर आणि पाठ केलेली सूत्रं सगळ्यात शेवटी. असं का, ते एकाच सर्किटवर तिन्ही चालवून बघू.

७४१ हा ऑप-अँप (ऑपरेशनल अँप्लिफायर) घ्या, सप्लाय ±१५ व्होल्ट. १ व्होल्टचा इनपुट १० किलोओहममधून मायनस पिनला जातो आणि आउटपुटपासून मायनस पिनपर्यंत ५० किलोओहमचा फीडबॅक आहे. दुसरा इनपुट ३ व्होल्टचा, तो १० किलोओहममधून प्लस पिनला येतो. प्लस पिनपासून ग्राउंडला २० किलोओहम.

सूत्रवाला काय करतो? डिफरन्स अँप्लिफायर दिसला की ५०/१० म्हणजे ५, इनपुटमधला फरक २, उत्तर १० व्होल्ट. हे चूक आहे. दोन्ही बाजूंच्या रेझिस्टरांचं गुणोत्तर सारखं असेल तरच ते सूत्र चालतं. इथे एका बाजूला ५ आहे, दुसरीकडे २. सूत्र लक्षात राहतं, त्याची अट राहत नाही. साधा इनव्हर्टिंग, नॉन-इनव्हर्टिंग आणि बफर एवढ्यांपुरती सूत्रं बिनधास्त वापरा, तिथे त्यांच्याइतकं झटपट काही नाही.

नोड पद्धतीला दोनच गोष्टी लागतात. इनपुट पिनमध्ये करंट शिरत नाही, आणि निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटकडून मायनस पिनला) असेल तर दोन्ही पिनांचं व्होल्टेज सारखं असतं; यालाच व्हर्च्युअल शॉर्ट म्हणतात. प्लस पिनवर ३ × २०/३० = २ व्होल्ट, म्हणून मायनस पिनवरही २. आता १० किलोओहमच्या एका टोकाला २ आणि दुसऱ्याला १ व्होल्ट आहे, म्हणजे ०.१ मिलिअँपिअर करंट पिनकडून इनपुटकडे वाहतोय. तो पिनमधून येत नाही, तेव्हा आउटपुटकडूनच ५० किलोओहममधून येणार. तिथे ५ व्होल्ट पडतात. आउटपुट २ + ५ = ७ व्होल्ट. करंट कुठून आला, कुठे गेला हे पायरीपायरीला दिसत असल्याने चिन्हाची चूक फार काळ लपत नाही. ७४१च्या पिनचा खरा करंट साधारण ८० नॅनोअँपिअर असतो, आपल्या ०.१ मिलिअँपिअरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. त्यामुळे तो शून्य धरला तरी चालतं.

सुपरपोझिशनने, म्हणजे एका वेळी एकच इनपुट ठेवून आलेली उत्तरं मिळवून, तेच करू. ३ व्होल्टचा इनपुट शून्य केला की उरतं −५. १ व्होल्टचा शून्य केला की प्लस पिनवरचे २ व्होल्ट गुणिले ६, म्हणजे १२. बेरीज ७. या पद्धतीत कोणत्या इनपुटचा वाटा किती ते वेगळं कळतं. समिंग अँप्लिफायरसारख्या ठिकाणी, जिथे चार-पाच इनपुट एकत्र येतात, तिथे मी हीच वापरेन.

पण एक सांभाळा. दुसरा इनपुट ४ व्होल्ट केला तर त्याचा वाटा १६ येतो, सप्लायपेक्षा जास्त. तिथे घाबरून १५ लिहू नका. मर्यादा वाट्याला लावायची नसते. −५ मिळवून येणारे ११ व्होल्ट ७४१ आरामात देतो.

मर्यादा लागते ती एकूण आउटपुटला. दुसरा इनपुट ६ केला तर हिशेबाने १९ व्होल्ट येतात, पण ७४१ हलक्या लोडवर साधारण १४ला अडतो. आता सर्किट लिनिअर राहिलं नाही, म्हणून सुपरपोझिशन बाद. व्हर्च्युअल शॉर्टही गेला. मात्र नोडचं समीकरण तसंच चालतं: मायनस पिनवर १ + १३/६, म्हणजे ३.१७ व्होल्ट, आणि प्लस पिनवर ४. ब्रेडबोर्डवर मीटर लावलात तर हा फरक स्पष्ट दिसेल. सॅच्युरेशन, म्हणजे आउटपुट असं मर्यादेला अडणं, ओळखायची ही खात्रीची खूण आहे.

फीडबॅकमध्ये टी-नेटवर्क (इंग्रजी T सारखे जोडलेले तीन रेझिस्टर) आलं की निवड आणखी सोपी होते. इनपुट एकच, त्यामुळे सुपरपोझिशनचा उपयोग नाही, आणि त्याचं सूत्र सहसा कुणाला पाठ नसतं. इनपुटचा आणि टीच्या दोन्ही हातांचा रेझिस्टर १० किलोओहम, मधला ग्राउंडला १ किलोओहम, इनपुट ०.१ व्होल्ट. करंट ०.०१ मिलिअँपिअर, मधला नोड −०.१ व्होल्टवर, ग्राउंडकडून आणखी ०.१ मिलिअँपिअर येतो. शेवटच्या हातातून ०.११ मिलिअँपिअर, म्हणून आउटपुट −१.२ व्होल्ट. दोन ओळींत काम झालं.

एलटीस्पाइस हे सर्किट सिम्युलेटर फुकट मिळतं, उत्तर पडताळायला जरूर वापरा. फक्त सप्लायची मर्यादा नसलेलं आदर्श मॉडेल घेतलंत तर ते १९ व्होल्टच दाखवेल.

आणि ही चूक हाताने सोडवताना वरच्या कुठल्याही पद्धतीत पकडली जात नाही: प्लस-मायनसची अदलाबदल. व्हर्च्युअल शॉर्ट धरून चाललात तर उलट्या जोडणीतही उत्तर ७च येतं. प्रत्यक्षात पॉझिटिव्ह फीडबॅकमुळे आउटपुट वरच्या किंवा खालच्या टोकाला जाऊन चिकटतं. म्हणून समीकरण मांडण्याआधी फीडबॅकची वायर २ नंबरच्या (मायनस) पिनला पोचते की ३ नंबरच्या (प्लस), ते बघून घ्या.