‘असिस्ट’ संकेतस्थळ: कम्युनिटी कॉलेजातून हासकडे निघालेल्यांनी ते कसे वाचावे

कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे शिकून बर्कलीच्या हास स्कूल ऑफ बिझनेसमध्ये तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला सर्वांत जास्त उपयोग कशाचा होतो, असे मला कोणी विचारले, तर मी एखाद्या महागड्या सल्लागाराचे नाव घेणार नाही. असिस्ट डॉट ऑर्ग या विनामूल्य संकेतस्थळाचे घेईन. माझ्या मुलीबरोबर मी ते सलग दोन वर्षे वापरले. त्याच्या जोरावर आम्ही एक चूक वेळेत सुधारली आणि एक गैरसमज मात्र बरेच दिवस बाळगला. इकडच्या अनेक मराठी घरांत सध्या हाच विचार चालू आहे, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे.

मुळात या सेवेची गरज का पडते, ते आधी सांगते. 1960 च्या उच्चशिक्षण आराखड्याने कॅलिफोर्नियात तीन थर ठरवले. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी (बर्कली हा तिचाच एक कॅम्पस), वरच्या साडेबारा टक्के विद्यार्थ्यांसाठी, कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजे कॅल स्टेट, वरच्या एक तृतीयांशांसाठी आणि कम्युनिटी कॉलेजे सर्वांसाठी खुली. आणि या तिसऱ्या थरातून वर जाण्याची वाट मोकळी राहील, हे त्या रचनेतच गृहीत धरले होते. आज अशी 116 कॉलेजे आहेत. प्रत्येक कॉलेज आपले विषय स्वतः आखते आणि त्यांना क्रमांकही स्वतःच देते. त्यामुळे एका कॉलेजातले कॅल्क्युलस बर्कलीच्या नेमक्या कोणत्या कॅल्क्युलसच्या बरोबरीचे धरायचे, हा प्रश्न प्रत्येक विषयासाठी आणि प्रत्येक कॉलेजसाठी वेगळा सोडवावा लागतो. कॉलेज आणि विद्यापीठ यांच्यात त्यासाठी जे समकक्षतेचे करार झालेले असतात, ते सर्व एका जागी वाचायला मिळतात ती जागा म्हणजे असिस्ट.

महाराष्ट्रात डिप्लोमा करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची पद्धत आपल्या ओळखीची आहे. मी पुण्यात वाणिज्य शाखेत शिकले, पण आमच्या वाड्यातली दोन मुले त्या वाटेने गेली होती, त्यामुळे ‘ट्रान्सफर’ हा शब्द ऐकल्यावर माझ्या डोळ्यांपुढे तेच चित्र आले: डिप्लोमाचे टक्के, गुणवत्ता यादी, प्रवेशफेरी आणि मिळालेले कॉलेज. इथे तसे नाही. यूसीत तिसऱ्या वर्षाला जाण्यासाठी 60 सेमिस्टर युनिट किंवा 90 क्वार्टर युनिट (युनिट म्हणजे विषयाचे श्रेयांक; सेमिस्टर पद्धतीत वर्षाची दोन मुख्य सत्रे, क्वार्टर पद्धतीत तीन) लागतात, हा झाला उंबरठा. पण हाससारख्या ठिकाणी त्यापलीकडे ठरावीक पूर्वअटीचे विषय पूर्ण असावे लागतात, आणि त्यातला एक जरी राहिला, तरी बाकीचे गुण कितीही चांगले असले तरी ते कामाला येत नाहीत. आमच्या वेळी त्या यादीत कॅल्क्युलस, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, व्यवसायाची ओळख करून देणारा एक विषय आणि वाचन-लेखनाचे दोन विषय होते. हे सगळे अक्षरश्रेणी घेऊनच करायचे असतात. नुसते ‘उत्तीर्ण’ असा शेरा घेऊन भागत नाही.

आता प्रत्यक्ष संकेतस्थळाविषयी. पहिल्या पानावर शैक्षणिक वर्ष, आपले कॉलेज आणि जिथे जायचे ते विद्यापीठ अशा तीन गोष्टी निवडायच्या असतात. मग विषयांची लांबलचक यादी उघडते. त्यातून बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन निवडले की करार समोर येतो. डाव्या बाजूला बर्कलीचा विषय, मध्ये एक बाण आणि उजव्या बाजूला आपल्या कॉलेजचा त्याच्या तोडीचा विषय, इतकी साधी मांडणी आहे. पहिल्यांदा ते पान पाहिले, तेव्हा कित्येक आठवडे ऐकीव माहितीवर चाललेल्या घरातल्या चर्चा दहा मिनिटांत जमिनीवर आल्या. ‘अमक्याच्या मुलाने तमका विषय घेतला होता’ या वाक्याला त्या पानासमोर काही किंमत उरत नाही.

मात्र ही मांडणी दिसायला जितकी सोपी, तितके तिचे बारकावे नीट वाचावे लागतात. बर्कलीच्या अर्थशास्त्राच्या एका प्रास्ताविक विषयासमोर कॉलेजचे सूक्ष्मलक्ष्यी आणि समग्रलक्ष्यी असे दोन विषय दिसतात आणि त्या दोघांच्या मध्ये बारीक अक्षरांत ‘आणि’ या अर्थाचा शब्द असतो. तो नजरेतून सुटला की विद्यार्थी दोहोंपैकी एकच विषय घेतो आणि अट पूर्ण झाली असे समजतो. दुसरीकडे याच जागी ‘किंवा’ या अर्थाचा शब्द असतो, तेव्हा दोन्ही विषय घेणे म्हणजे वेळ आणि पैसा वाया घालवणे. काही ठिकाणी उजवी बाजू रिकामी असते आणि तिथे ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ अशी ओळ लिहिलेली असते, म्हणजे त्या कॉलेजात त्या विषयाला समकक्ष असे काहीच नाही. ही ओळ दिसली की घाबरू नये. शेजारच्या दुसऱ्या कॉलेजचा करार उघडून पाहावा, कारण एकाच वेळी दोन कम्युनिटी कॉलेजांत विषय घेणे इथे सर्रास चालते. मात्र जे विषय जोडीने किंवा साखळीने येतात, ते शक्यतो एकाच कॉलेजात पुरे करावेत. क्वार्टर पद्धतीच्या डी अँझा किंवा फुटहिलमध्ये सुरू केलेली कॅल्क्युलसची साखळी सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजात मध्येच जोडायला गेले, तर सांधा नीट बसेलच असे नाही.

आमची जी चूक झाली, ती याच बारकाव्यांतली होती. मुलीच्या कॉलेजात संख्याशास्त्राचे दोन विषय होते, एक गणित विभागाचा आणि एक दुसऱ्या विभागाचा. कॉलेजच्या काउन्सेलरने वीस मिनिटांच्या भेटीत ‘दोन्ही यूसीला ट्रान्सफर होतात’ असे सांगितले आणि तिने वेळापत्रकात बसणारा दुसरा विषय घेतला. ते विधान खोटे नव्हते. असिस्टवरच कॉलेजनिहाय ‘ट्रान्सफर होणाऱ्या विषयांची’ एक वेगळी यादी असते आणि त्या यादीत दोन्ही विषय होते. पण ट्रान्सफर होणे म्हणजे त्याची युनिटे मोजली जाणे. एखाद्या विशिष्ट विषयाच्या बदली ते धरले जाणे ही निराळी गोष्ट. हासच्या करारात उजव्या बाजूला फक्त गणित विभागाचा विषय होता. सप्टेंबरमधल्या एका रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो करार छापून, पिवळ्या पेनाने पूर्ण झालेल्या ओळी रंगवत बसलो असताना ती ओळ रंगवायला मुलीचा हात गेला आणि मध्येच थांबला. विषयाचा क्रमांक जुळत नव्हता. आम्ही दोघींनी तो तीनदा वाचला. एक सत्र अभ्यास करून मिळवलेली ‘ए’ श्रेणी त्या ओळीपुढे निरुपयोगी होती. पुढच्या वसंत सत्रात तिने योग्य विषय पुन्हा घेतला आणि सुदैवाने प्रवेशाच्या आधीच्या वसंतापर्यंत पूर्वअटी पूर्ण करण्याची मुभा असल्यामुळे वर्ष वाचले. मला त्या काउन्सेलरबद्दल राग नाही. त्यांच्याकडे शेकडो विद्यार्थी असतात आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले होते. आम्ही प्रश्नच चुकीचा विचारला होता. ‘हा विषय ट्रान्सफर होतो का’ असे न विचारता ‘हा विषय हासच्या करारात संख्याशास्त्रासमोर आहे का’ असे विचारायला हवे होते, आणि त्याचे उत्तर घरबसल्या वाचता येत होते.

सामान्य शिक्षणाच्या, म्हणजे मुख्य शाखेबाहेरच्या पायाभूत विषयांच्या, संचाबाबतही असाच गोंधळ होतो. पूर्वी ज्याला आयगेट्सी म्हणत आणि 2025 च्या शरद सत्रापासून ज्याची जागा कॅल-गेट्सीने घेतली, तो संच पूर्ण केला की सगळे झाले, असे अनेक पालकांना वाटते. हासच्या पूर्वअटी हा त्याहून वेगळा हिशोब आहे. संच पूर्ण करणे चांगलेच, पण व्यवसाय व्यवस्थापनाकडे जाणाऱ्याने आधी कराराचे पान भरून काढावे आणि मग उरलेल्या जागेत संच बसवावा. क्रम उलटा केला की दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस कॅल्क्युलसचा दुसरा भाग राहून जातो.

कराराच्या वरच्या भागात विद्यापीठाने लिहिलेल्या दाट मजकुराचे काही परिच्छेद असतात. आम्ही पहिले वर्षभर ते ओलांडून थेट बाणांपाशी जात होतो. माझ्या मते कराराइतकेच ते महत्त्वाचे आहेत, कारण प्रवेशासाठी विषय कधीपर्यंत पूर्ण हवेत आणि श्रेणी कोणती चालते, अशा गोष्टी तिथे लिहिलेल्या असतात. शैक्षणिक वर्षाकडेही लक्ष असू द्यावे. नव्या वर्षाचा करार अजून प्रसिद्ध झालेला नसला, तर मागील वर्षाचा दाखवला जातो, आणि विषय ज्या वर्षी घेतला त्या वर्षाचा करार त्याला लागू पडतो. म्हणून दरवर्षी करार उतरवून, त्यावर तारीख टाकून जपून ठेवण्याची सवय आम्ही लावून घेतली.

आता या सेवेच्या मर्यादा. ती मुख्यतः कॅलिफोर्नियातील सार्वजनिक संस्थांसाठी आहे. यूएससीसारख्या खासगी विद्यापीठाची समकक्षता पाहायची असेल, तर त्यांच्याच संकेतस्थळावर जावे लागते. याहून मोठी मर्यादा म्हणजे प्रवेश मिळेल की नाही, याविषयी असिस्ट काहीही सांगत नाही, आणि आमचा गैरसमज नेमका इथेच होता. करारातील सर्व ओळी पिवळ्या झाल्या, तेव्हा माझ्या मनाने जवळजवळ प्रवेश निश्चित धरला होता. पिवळे पान म्हणजे फक्त अर्ज विचारात घेतला जाण्याची पात्रता. हासमध्ये कम्युनिटी कॉलेजातून अर्ज करणाऱ्या शंभरांमागे अलीकडच्या वर्षांत दहा जणांनाही जागा मिळत नाही, आणि ज्यांना मिळत नाही त्यांच्यापैकी अनेकांचे पानही पूर्ण पिवळेच असते. यूसीने स्वतः प्रसिद्ध केलेली, विषयवार ट्रान्सफर प्रवेशांची आकडेवारी असते. निवडलेल्या विद्यार्थ्यांच्या सरासरी श्रेणीचा पल्ला तिच्यात दिसतो. असिस्टबरोबर ती आकडेवारी उघडून ठेवल्याशिवाय या वाटेचा अंदाज येत नाही.

उरलेले काम अर्जाचे. नोव्हेंबरअखेरपर्यंत यूसीचा मुख्य अर्ज, त्यात साडेतीनशे शब्दांच्या मर्यादेतली चार उत्तरे, जानेवारीत श्रेणींची अद्ययावत नोंद आणि हासचा स्वतंत्र पूरक अर्ज. निकाल एप्रिलच्या अखेरीस. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा ठिकाणी प्रवेशाच्या हमीची ‘टॅग’ योजना आहे आणि तिचा अर्ज सप्टेंबर महिन्यातच भरायचा असतो. बर्कली तिच्यात नाही आणि इतरत्रही ती सर्व विषयांना लागू नसते. हासचे स्वप्न पाहणाऱ्यानेही टॅगचा अर्ज जिथे शक्य असेल तिथे भरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय असिस्टवर दुसऱ्या दोन-तीन विद्यापीठांचे करार हासच्या करारालगत ठेवून, सगळीकडे चालतील असे विषय आधी घ्यावेत. कॅल्क्युलस, संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र जवळपास सर्वत्र लागतात, तर लेखाशास्त्र हासला पूर्वअट म्हणून लागत नसले तरी इतर अनेक ठिकाणी लागते. आम्ही हासच्याच करारावर नजर खिळवून बसल्यामुळे लेखाशास्त्राचे दोन विषय शेवटच्या सत्रात कोंबावे लागले, आणि ते सत्र मुलीला फार जड गेले.

खर्चाचा मुद्दा थोडक्यात सांगते. कॅलिफोर्नियातील रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका सेमिस्टर युनिटला 46 डॉलर पडतात, म्हणजे 60 युनिटांचे 2,760 डॉलर. पुस्तके आणि किरकोळ शुल्क वेगळे. अनेक कॉलेजांत पूर्णवेळ शिकणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांना पहिली दोन वर्षे तेही माफ होते. यूसीतल्या दोन वर्षांच्या शुल्काशी याची तुलना केली की, ‘कम्युनिटी कॉलेजात घातलंत का मुलीला?’ असे हळू आवाजात विचारणाऱ्या नातेवाइकांना काय उत्तर द्यावे, हे आपोआप कळते. यूसीचे धोरणच असे आहे की पहिल्या वर्षाला येणाऱ्या दर दोन विद्यार्थ्यांमागे एक विद्यार्थी ट्रान्सफरने यावा. या वाटेला मागचा दरवाजा म्हणणे माहितीला धरून नाही, आणि मुलांच्या समोर तसे बोलणे मला क्रूरपणाचे वाटते. माझ्या मुलीने ते वाक्य एका गणपतीच्या आरतीनंतर ऐकले होते आणि ती त्या रात्री जेवली नाही.

आज ती यूसीच्या एका कॅम्पसवर व्यवसाय व्यवस्थापनाच्या तिसऱ्या वर्षात आहे. संख्याशास्त्राचा तो एक विषय सोडला, तर तिचा एकही विषय फुकट गेला नाही. शेजारची एक मुलगी या ऑगस्टमध्ये कम्युनिटी कॉलेजात दाखल होत आहे. तिने विषयांची नोंदणी अजून केलेली नाही. गेल्या रविवारी ती आणि तिचे बाबा आमच्याकडे आले, तेव्हा आम्ही आधी बर्कली, अर्व्हाइन आणि रिव्हरसाइड असे तीन करार छापून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, आणि पिवळे पेन तिच्या हातात दिले.