ओस्लाव्हियाची अंबररंगी रिबोल्ला

इटलीच्या ईशान्य टोकाला, स्लोव्हेनियाच्या सीमेलगत, गोरित्सिया शहराशेजारच्या ओस्लाव्हिया गावात रिबोल्ला जाल्ला ही जाड सालीची पांढरी द्राक्षे पिकतात आणि तिथले वाइन बनवणारे योश्को ग्रावनर यांची प्रसिद्ध वाइन त्यांचीच असते. 2000 साली जॉर्जिया या देशाला जाऊन आल्यावर ग्रावनर यांनी तिथले मातीचे रांजण जमिनीत पुरले. 2001 च्या हंगामापासून द्राक्षे सालींसकट त्यांतच, बाहेरचे यीस्ट न घालता आंबवली जातात आणि पुढे लाकडी पिंपांत मुरून बाटली बाजारात येईपर्यंत साधारण सात वर्षे जातात.

पेल्यात ती पांढरी दिसतच नाही. कोरा चहा उन्हात धरावा तसा तिचा रंग आहे. वासाला सुके जर्दाळू, मध आणि किंचित अक्रोड जाणवतो; घोटात मात्र गोडवा कुठेच नाही, उलट कच्च्या पेरूसारखा तुरटपणा हिरड्यांवर रेंगाळतो, आणि मला तोच सर्वांत आवडला. मी ज्या उपाहारगृहात ती प्यायलो, तिथे बाटली थेट फ्रिजमधून आणल्यामुळे पहिला अर्धा तास निम्मा सुवास थंडीतच दडून राहिला. एवढी किंमत मोजल्यावर हे खटकते. हलक्या, फळांच्या चवीच्या पांढऱ्या वाइनची सवय असलेल्याने आधी एक पेलाच मागवावा.