व्हिला बोर्गेझे की व्हिला डोरिया पाम्फिली?

रोममध्ये एकच दुपार मोकळी असेल तर? दोन्ही जुन्या सरदार घराण्यांच्या बागा, आज दोन्हीकडे प्रवेश फुकट.

पोचायला बोर्गेझे सोपी: स्पान्या किंवा फ्लामिनिओ मेट्रोवरून चालत. खरी गोम बागेतल्या बोर्गेझे गॅलरीची, म्हणजे कलासंग्रहालयाची. बर्निनीचे शिल्प पाहायचे तर तिकीट आधीच काढा. वेळ दोनच तास, पिशव्या खाली जमा, सोमवारी बंद. ऐनवेळी गेलात तर बहुधा दारातूनच परत.

पाम्फिली सुमारे 184 हेक्टर, बोर्गेझेच्या दुपटीहून मोठी; पण मेट्रो नाही, मधून मोठा रस्ता जातो आणि तिथला महाल सरकारी कामासाठी, म्हणजे बाहेरूनच पाहायचा.

कलेसाठी बोर्गेझे. धावायला, मुलांना मोकळे सोडायला पाम्फिली; सान पांक्राझिओच्या दारातून शिरा.