सागाची जडी घ्यावी की टिश्यू कल्चरचं रोप?

जडी म्हणजे बियापासून वाढवलेल्या रोपाचा खोड-मुळासकट कापलेला तुकडा; टिश्यू कल्चरचं रोप म्हणजे निवडलेल्या झाडाच्या कळीपासून प्रयोगशाळेत वाढवलेली त्याचीच प्रत. चांगलं झाड निवडण्याचं काम कोणी करायचं, एवढाच या दोहोंतला मूळ फरक आहे. टिश्यू कल्चरमध्ये ते मातृवृक्ष (ज्या झाडापासून रोपं करायची ते) ठरवतानाच झालेलं असतं (निदान व्हायला हवं). जडी लावली तर पुढची पंधरा-वीस वर्षं ते तुमच्या कुऱ्हाडीनं व्हायचं असतं.

जडीच्या मागचा त्रास जुना आहे. १८४०च्या दशकात मलबारातल्या निलांबूरला कलेक्टर कॉनोली आणि चाथू मेनन यांनी सागाचं रोपवन उभं केलं, तेव्हाही पहिली अडचण बी उगवण्याचीच होती. फळात कप्पे चार, पण बी बहुधा एखाद-दुसरं, आणि वरचं कवच टणक. म्हणून ते १२ तास भिजवणं, १२ तास वाळवणं असं आठवडा-दोन आठवडे चालतं. वर्षभराच्या रोपाची जडी कापतात: जाडी १ ते २ सेंमी, वर २-३ सेंमी खोड, खाली १५-२० सेंमी सोटमूळ. दमदार पाऊस झाला की पहारीनं भोक पाडून ती लावायची आणि माती टाचेनं दाबायची. तळाशी पोकळी राहिली तर जडी सुकते. फुटवे वीतभर झाले की जोमदार एक ठेवून बाकीचे काढायचे.

जडी स्वस्त पडते, ओल्या गोणपाटात लांबवर नेता येते आणि कोरडवाहूतही तग धरते. पण परपरागीकरणामुळे (बी दुसऱ्या झाडाच्या परागानं धरत असल्यानं) एकीचा गुण दुसरीत नसतो. म्हणूनच २×२ मीटरवर एकरी सुमारे १,००० लावतात आणि वाकडी, दुबेळकी, मागे राहिलेली झाडं विरळणीत काढतात. विरळणी टाळली तर सगळीच काठीसारखी राहतात. हे अगदी नेहमीचं चित्र आहे.

ही निवड बियाण्यातच करायचा प्रयत्न १९६०च्या दशकात जोरात सुरू झाला. सरळ, उंच झाडं हेरायची, त्यांची कलमं बांधून बियाणे-बागा उभारायच्या. थायलंडमध्ये डॅनिश मदतीनं न्गाओ इथं साग सुधार केंद्रच निघालं. पण सागानं दगा दिला. वेगवेगळी कलमं वेगवेगळ्या वेळी फुलतात, स्वतःच्या परागानं फळ क्वचितच धरतं आणि असंख्य फुलांतून फळं मोजकीच येतात. शिवाय पहिला फुलोरा शेंड्यावर येतो आणि खोडाला तिथंच फाटे फुटतात. म्हणजे लवकर फुलून भरपूर बी देणारं झाड लाकडाला बऱ्याचदा हलकं! बियाणे-बागेचं बी म्हणूनच थोडं आणि दुर्मिळ.

ही कोंडी बियाशिवाय फोडता येते, हे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या गटानं १९८० मध्ये दाखवलं. शंभर वर्षांच्या झाडाच्या कळ्यांपासूनही त्यांनी रोपं केली. अशा रोपांची वाढ एकसारखी असते. पण झाडं सारखी, तसे दोषही सारखेच: निवड चुकली तर सगळा प्लॉट चुकतो. हार्डनिंग (रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावणं) अपुरं असेल तर उघड्यावर पानं करपतात. पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाची मुळं गुंडाळलेली असतात. पहिली दोन वर्षं पाणी आणि आधाराची काठी लागतेच. पंधराव्या वर्षी पक्कं लाकूड भरपूर मिळेल, या जाहिरातीवर विसंबू नका. त्या वयात पांढरा, कच्चा भाग बराच असतो, रोप कुठलंही असो.

आमचा कल असा: सलग क्षेत्र, कोरडवाहू आणि विरळणीची तयारी असेल तर जडी, पण बी कुठल्या जंगलातलं हे विचारून. ओल्या मलबारातला साग कोरड्या विदर्भातही तसाच वाढेल, असं धरू नये. बांधावर पन्नासच झाडं आणि ठिबक असेल, तर तिथं निवडीला वावच नसतो, त्यामुळे टिश्यू कल्चरचे जादा पैसे वसूल होतात. मात्र मातृवृक्ष कुठला, क्लोन (एकाच झाडापासून केलेल्या रोपांचा संच) किती आणि त्यांची लागवड किती वर्षांची झाली, याची लेखी उत्तरं घ्या, कारण नुसत्या रोपाकडे पाहून ते बियाचं की प्रयोगशाळेचं हे ओळखता येत नाही. मिळतील तितके क्लोन घ्या आणि ते आलटून-पालटून लावा.