रेत तपासायचं कशानं: डोळ्यांनी, रंगानं की संगणकानं?

निपाणी-चिकोडी भागातली एखादी दूधसंस्था किंवा खिलार वळू पाळणारा शेतकरी रेत (वीर्य) तपासणीची सोय करायला निघाला, की गोष्ट लगेच संगणकी यंत्रावर जाते. माझं मत स्पष्ट आहे. आधी चांगला फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शक (रंग न देता पारदर्शक शुक्राणू उठून दाखवणारा) आणि ३७ अंशांवर राहणारी गरम स्टेज, म्हणजे काच ठेवायची गरम पट्टी, घ्या.

वळू किंवा बोकड घरचा असेल, तर ताज्या रेताचा थेंब पातळ न करता कमी भिंगाखाली बघावा. त्यात उठणाऱ्या लाटांना आणि भोवऱ्यांना ० ते ५ गुण देतात, मिनिटभराचं काम. गोठवलेल्या कांडीला, म्हणजे रेत भरलेल्या बारीक नळीला, मात्र ही रीत चालत नाही. ते रेत पातळ केलेलं, लाट उठणार कुठून? तिथं एकेक शुक्राणू सरळ पुढं जातो की जागीच थरथरतो, हे बघून टक्का ठरवतात. वितळवल्यावर किमान ५० टक्के पुढं जाणारे हवेत.

इथं सगळा खेळ तापमानाचा आहे. बेळगावच्या डिसेंबरातल्या सकाळी गार काचेवर थेंब टाकला, तर चांगलं रेतही मंदावलेलं दिसतं आणि कांडी उगाच बाद होते. कांडी कापण्याआधी कोरडी पुसा. पाण्याचा थेंब मिसळला तरी शुक्राणूंच्या शेपट्या वळतात आणि चाल बिघडते.

नजरेच्या अंदाजात माणसागणिक फरक पडतो, हे खरं. संगणक प्रत्येक शुक्राणूचा वेग आणि वाटेचा सरळपणा मोजतो. कांड्या तयार करणाऱ्या रेतकेंद्राला तो हवाच. पण मांडणी चुकली, तर रेत पातळ करायच्या द्रावणातले अंड्याच्या बलकाचे कणही तो शुक्राणू म्हणून मोजतो. शिवाय किंमत लाखांत.

त्या पैशापेक्षा इओसिन-निग्रोसिन या रंगाची बाटली घ्या. काळपट पार्श्वभूमीवर जिवंत पांढरे, मेलेले गुलाबी दिसतात. जोडीला फुगवण चाचणी करा: कमी क्षाराच्या द्रावणात ३७ अंशांवर तासभर ठेवल्यावर ज्यांचं आवरण शाबूत, त्यांच्याच शेपट्या वळतात. म्हशीचं रेत गोठवताना जास्त मार खातं, म्हणून मुऱ्हाच्या कांड्यांना ही चाचणी मी कधीच टाळणार नाही.

कांडी खराब निघाली तर आधी टाकीतली नायट्रोजनची पातळी बघा. चांगली निघाली आणि तरी गाई उलटत (गाभण न राहता पुन्हा माजावर येत) असतील, तर भरवण्याची वेळ माजाशी जुळते का ते तपासा.