कॅमेरा की गिटार: नकार सोसायचे की कर्ज?

सिनेमात नट व्हायचं की रॉक बँड काढायचा, हे ठरवण्याआधी दोन खटले पाहा. ऑलिव्हिया डी हॅविलंड या अभिनेत्रीने १९३६ साली वॉर्नर ब्रदर्सशी सात वर्षांचा करार केला. तिने एखादी भूमिका नाकारली की स्टुडिओ तिला बिनपगारी घरी बसवायचा आणि ते महिने कराराच्या शेपटाला जोडायचा. सात वर्षं उलटली तरी करार संपेना. ती कोर्टात गेली आणि १९४४ मध्ये जिंकली. निकाल असा, की कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार कुणालाही करारात सात वर्षांपलीकडे बांधून ठेवता येणार नाही, आणि सात म्हणजे कॅलेंडरवरची सात.

२००८ मध्ये थर्टी सेकंड्स टू मार्स या रॉक बँडने हाच कायदा पुढे केला आणि करारातून बाहेर पडायचं ठरवलं. रेकॉर्ड कंपनीने उलट त्यांच्यावर तीन कोटी डॉलरचा दावा ठोकला. तिला हे जमलं, कारण १९८७ साली त्या कायद्यात एक पोटकलम घुसवलं गेलं होतं. गायक-वादकांनी सात वर्षांनी खुशाल बाहेर पडावं, पण कबूल केलेले अल्बम द्यायचे राहिले असतील तर कंपनी त्यांची भरपाई मागू शकते. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि बँड त्याच कंपनीकडे राहिला. यातली गंमत अशी की बँडचा गायक जॅरेड लेटो स्वतः नट आहे, २०१४ साली त्याला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. म्हणजे नट म्हणून त्याला जी मोकळीक होती, ती गायक म्हणून नव्हती.

या दोन वाटांपैकी एक धरायची असेल तर प्रसिद्धी किती, पैसा किती, हे नंतर पाहा. आधी पाहायचं ते हे, की तुमचं काम कोणाच्या हातात असणार. सिनेमातल्या नटाला कुणीतरी बोलावल्याशिवाय कामच करता येत नाही. बँडला कुणाच्या होकाराची गरज नाही, आज रात्रीही वाजवता येतं. पण त्या स्वातंत्र्याचा खर्च बँडच्याच खिशातून जातो.

होतकरू नटाचा दिवस कसा जातो ते पाहा. ऑडिशनचा व्हिडिओ घरीच काढून पाठवायचा असतो. घरातली एक रिकामी भिंत गाठायची, फोन स्टँडवर लावायचा, समोरच्या पात्राची वाक्यं वाचायला एखाद्या मित्राला धरून आणायचं. मित्राने लेन्सला खेटून बसायचं, म्हणजे तुमची नजर योग्य जागी राहते. आणि त्याने हळू बोलायचं, कारण माइक त्याच्या तोंडाशी आहे, नाहीतर प्रसंग त्याचाच होऊन बसतो. दोन पानांसाठी सात-आठ टेक घ्यायचे, त्यातला एक निवडून पाठवायचा आणि मग वाट बघायची. बहुतेकदा ‘नाही’ असंही कुणी कळवत नाही. भूमिका दुसऱ्याला गेली त्याचं कारण अभिनय असेलच असं नाही. तुम्ही नायकापेक्षा उंच असाल, किंवा बहिणीच्या भूमिकेसाठी आधी ठरलेल्या नटीच्या चेहऱ्याशी तुमचा चेहरा जुळत नसेल. हे मनाला लावून घेणाऱ्याने या धंद्यात न पडलेलं बरं.

बँडला नकार कळतो तो तिथल्या तिथे, तिसऱ्या गाण्याला लोक पाठ फिरवून गप्पा मारू लागतात तेव्हा. पण तो नकार उपयोगी असतो, दुसऱ्या दिवशी ते गाणं बदलता येतं. बीटल्स हा इंग्लंडचा बँड १९६० ते १९६२ या काळात पुन्हापुन्हा जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या क्लबांमध्ये रात्रीचे तासन्‌तास वाजवत होते. म्हणूनच ११ फेब्रुवारी १९६३ ला एका दिवसात त्यांनी पहिल्या अल्बमची दहा गाणी रेकॉर्ड केली. सिनेमाच्या नटाला असं हॅम्बुर्ग मिळत नाही. त्यातल्या त्यात रंगभूमी जवळची, आणि नटाची वाट धरणाऱ्याने ती टाळू नये असं माझं ठाम मत आहे.

मात्र बँड म्हणजे चार जणांचा संसार. चार वाजता व्हॅनमधून सामान उतरवायचं, साउंडचेक करायचा, मग चार-पाच तास नुसतं ताटकळायचं, चाळीस मिनिटं वाजवायचं आणि मध्यरात्री तेच अँप, तेच ड्रम पुन्हा व्हॅनमध्ये भरायचे. पेट्रोल वजा जाता उरेल त्याचे चार वाटे. यात एकाचं लक्ष उडालं की सगळ्यांचं घोडं अडतं. कधी कधी तर दार दाखवलं जातं ते तुम्हालाच. बीटल्सनी ड्रमर पीट बेस्टला ऑगस्ट १९६२ मध्ये काढलं आणि ऑक्टोबरमध्ये त्यांची पहिली तबकडी बाजारात आली. नटाला निदान दुसऱ्याच्या मूडवर आपलं सगळं करिअर टांगावं लागत नाही.

पैशाच्या बाबतीत दोघांची रचना पार वेगळी. नट काम करतो, मानधन घेतो. सिनेमा पडला तरी ते परत मागत नाहीत. अमेरिकेत नटांच्या संघटनेने १९६० च्या संपात पुनर्प्रक्षेपणाच्या मोबदल्यासाठी भांडून घेतलं, २०२३ मध्ये पुन्हा ११८ दिवस संप केला. रॉक बँडला रेकॉर्ड कंपनी अ‍ॅडव्हान्स देते, आणि नवखी पोरं त्यालाच कमाई समजतात. ती उचल असते. पारंपरिक करारात स्टुडिओचा खर्च आणि बराचसा व्हिडिओचाही तुमच्या रॉयल्टीतून वळता होतो, आणि तो फिटेपर्यंत रॉयल्टीचा एक पैसा पदरात पडत नाही. एवढं होऊनही रेकॉर्डिंगची मालकी बहुधा कंपनीकडेच राहते.

त्यात आणखी एक मेख आहे. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर पैसे मिळतात ते गीतकार-संगीतकाराला आणि त्यांच्या प्रकाशकाला. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला काहीही नाही. म्हणजे एकाच बँडमधला गाणी लिहिणारा बंगला बांधतो आणि ड्रमर भाड्याच्या घरात राहतो, असं होऊ शकतं. आर.ई.एम. या बँडने यावर सरळ उपाय काढला होता. गाणं कुणालाही सुचो, नावं चौघांची.

वयाबद्दल लोक उलटसुलट बोलतात. माझ्या मते सिनेमा उशिरा येणाऱ्यांना जास्त सामावून घेतो. अ‍ॅलन रिकमन हा ब्रिटिश नट पहिल्या सिनेमात दिसला तेव्हा ४२ वर्षांचा होता. त्याआधी त्याने ग्राफिक डिझाइन केलं, मग वर्षानुवर्षं रंगभूमीवर काढली. हॅरिसन फोर्डने नट म्हणून नाव होण्याआधी सुतारकाम करून घर चालवलं. पटकथेत बाप, वकील, खलनायक लागतातच, आणि ते विशीतले चालत नाहीत. बायकांना मात्र हा दरवाजा तितका उघडा नसतो, हे सांगायलाच हवं. रॉकमध्ये टीना टर्नरला एकटीने गाऊन मोठं यश मिळालं ते ४४ व्या वर्षी, पण तोवर तिची दोन तपांहून जास्त वर्षं स्टेजवर गेली होती. चाळिशीत पहिल्यांदा गिटार हाती धरून कुणी तिथे पोचत नाही. शरीराचा हिशेब वेगळाच. एसी/डीसी या रॉक बँडचा गायक ब्रायन जॉन्सन याला २०१६ मध्ये कान कायमचे जातील या भीतीने दौरा अर्धवट सोडावा लागला. कानात बोळे घालायला पहिल्या तालमीपासून लाजू नका.

एका वाटेवरून दुसरीवर जाता येतं का? येतं, पण रॉकमधून सिनेमात जाणं सोपं. गायक डेव्हिड बोवी गेला, शेर या गायिकेला १९८८ मध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्करही मिळालं. जॉनी डेप तर बँड घेऊनच लॉस एंजेलिसला आला होता. उलट दिशेने जाणाऱ्या नटाकडे रॉकचा श्रोता ‘हौस आहे बिचाऱ्याची’ अशा नजरेने बघतो. त्यामुळे विशीत असाल, दोन्ही येत असेल आणि मन ठरत नसेल, तर मी आधी बँड करायला सांगेन. गाणी स्वतः लिहीत असाल तर नक्कीच. नुसतं वाजवता येत असेल, लिहिता येत नसेल आणि एकट्याने वाट बघण्याची ताकद असेल, तर सिनेमा.

बँड धरलात तर पहिलं गाणं बांधून झालं की त्याच संध्याकाळी कोणाचं नाव किती टक्के ते कागदावर लिहून चौघांच्या सह्या घ्या. नट झालात तर रोजचा खर्च भागवणारं असं काम शोधा, जे उद्या सकाळी ऑडिशनला बोलावलं तर सोडून जाता येईल.